कस लावणाऱ्याचा धनी कोण?

(दिल्लीतील मराठी वाचकांच्या अभ्यासवर्गात ‘संभाषणयंत्रे आणि जाहिरातीचे भांडवल’ या विषयावर पक्षाच्या एका अनुवादकाने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर.)



मी अर्थशास्त्राचा किंवा संगणकशास्त्राचा अभ्यासक नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि पक्षाच्या कागदपत्रांचे व लेखांचे मराठीत भाषांतर करणे हे माझे काम आहे. तरीही आजच्या विषयावर बोलण्याचे धाडस मी करीत आहे, त्याला कारण मागच्या बैठकीत आपल्यातल्याच एका तरुण मित्राने विचारलेला प्रश्न. त्याचे घराणे मूळचे सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडचे. त्या भागातील शेकडो कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. जुने दागिने आटवायचे, सोने-चांदी शुद्ध करायची, कस लावून त्यात शुद्ध धातू किती हे सांगायचे, हा तो धंदा. या मित्राने विचारले, “हल्ली गिऱ्हाईक दुकान शोधताना मोबाईलवरच्या चॅटबॉटलाच विचारते. त्याच्या उत्तरात आमच्या दुकानाचे नाव यावे म्हणून पैसे भरता येतात का? आणि येत असतील, तर भरावेत का?”

हे दोन प्रश्न आहेत. पहिला माहितीचा आहे, दुसरा राजकारणाचा. त्या दिवशी मी दोन्हींची उत्तरे टाळली. आज प्रथम पहिल्याचे उत्तर देतो आणि मग दुसऱ्याकडे वळतो.

१. घडले काय?

‘चॅटजीपीटी’ हे संभाषणयंत्र ओपनएआय या अमेरिकन कंपनीने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांपुढे आणले. त्या वेळी त्यात जाहिरात नव्हती. कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी २०२४ साली हार्वर्ड विद्यापीठात बोलताना, जाहिरात आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा संयोग आपल्याला विशेष अस्वस्थ करतो आणि जाहिरात हा आपल्या दृष्टीने उत्पन्नाचा शेवटचा उपाय आहे, अशा आशयाचे उद्गार काढले होते. १६ जानेवारी २०२६ रोजी त्याच कंपनीने जाहिराती सुरू करण्याचा निर्णय जाहीर केला आणि फेब्रुवारीत अमेरिकेमध्ये त्यांची चाचणी सुरू झाली. ज्यांना हे यंत्र फुकट मिळते आणि जे ‘गो’ नावाची स्वस्त वर्गणी भरतात, त्या प्रौढ ग्राहकांना उत्तराच्या खाली, वेगळ्या चौकटीत, जाहिरात दिसू लागली. महागडी वर्गणी भरणाऱ्यांना मात्र तिच्यापासून अभय मिळाले. म्हणजे ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला निखळ सल्ला आणि ज्याच्या खिशात नाही त्याला जाहिरातीसहित सल्ला, अशी विभागणी पहिल्याच दिवशी झाली.

या वाटेने जाणारी ही एकटीच कंपनी नव्हे. मायक्रोसॉफ्टने २०२३ सालीच आपल्या ‘बिंग’ या शोधयंत्राच्या संभाषणात जाहिराती बसविण्यास आरंभ केला होता. गूगलने २०२४ साली अमेरिकेत, शोधाच्या वर येणाऱ्या यंत्रलिखित सारांशामध्ये जाहिराती घातल्या. ‘ग्रोक’ या यंत्राच्या उत्तरांत जाहिरात घालून त्याला लागणाऱ्या महागड्या सामग्रीचा खर्च भागविण्याचा मनोदय त्याचे मालक इलॉन मस्क यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये जाहिरातदारांना सांगितला. फेसबुक आणि व्हॉट्सॲप यांची मालक असलेली मेटा हिने वेगळा मार्ग घेतला. तिच्या यंत्राशी लोक जे बोलतात त्याच्या आधारे त्यांना इतरत्र कोणत्या जाहिराती दाखवायच्या हे ठरविले जाईल, अशी घोषणा तिने १ ऑक्टोबर २०२५ रोजी केली आणि १६ डिसेंबर २०२५ ही अंमलाची तारीख ठरविली. युरोपीय संघ, ब्रिटन आणि दक्षिण कोरिया यांना त्यातून प्रारंभी वगळण्यात आले, कारण तेथील कायदे अधिक कडक आहेत. भारताला वगळण्यात आले नाही.

यांत सर्वांत बोलका प्रयोग ‘पर्प्लेक्सिटी’ या कंपनीचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने अमेरिकेत असे केले, की उत्तर वाचून झाल्यावर वाचकाला ‘आता हे विचारून पाहा’ म्हणून जे पुढचे प्रश्न सुचविले जातात, त्यांपैकी एखादा प्रश्न जाहिरातदाराने विकत घ्यावा. त्यावर ‘प्रायोजित’ असा शिक्का असे आणि त्याचे उत्तर जाहिरातदार लिहीत नसून यंत्रच लिहिते, असा कंपनीचा खुलासा होता. खुलासा खरा असेलही. पण विकले काय गेले, ते पाहावे. माणसाच्या मनात पुढे कोणती शंका यावी, ती जागाच विकली गेली.

तेव्हा आपल्या मित्राच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की पैसे भरून संभाषणात जागा घेण्याचा बाजार उघडला आहे. तो अमेरिकेपुरता राहील असे मानण्यास आधार नाही.

२. हे आताच का घडले?

कंपन्यांच्या चालकांची नियत बिघडली, एवढेच उत्तर पुरेसे नाही. प्रश्न भांडवलाच्या गरजेचा आहे. या यंत्रांना प्रचंड संगणककेंद्रे, वीज आणि महागड्या चिप्स लागतात. ओपनएआयने पुढील सुमारे ८ वर्षांसाठी जवळपास १.४ लाख कोटी डॉलरच्या बांधिलक्या स्वीकारल्या असल्याचे ऑल्टमन यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितले. त्याच वेळी कंपनीच्या उत्पन्नाचा वार्षिक वेग २० अब्ज डॉलरच्या आसपास होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये दर आठवड्याला ८० कोटी लोक हे यंत्र वापरतात असे कंपनी सांगत होती. पण त्यांतले बहुसंख्य लोक एक पैसाही देत नव्हते. इतके भांडवल गुंतले म्हणजे त्यावर परतावा मिळालाच पाहिजे. जे लोक पैसे देऊ शकत नाहीत त्यांच्याकडून तो कसा काढायचा? त्यांचे लक्ष आणि त्यांची गरज दुसऱ्याला विकून.

ही युक्ती नवी नाही. १८३३ साली न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे याने ‘सन’ हे दैनिक एका सेंटला विकावयास काढले. कागदाचा व छपाईचा खर्च वाचकाने नव्हे, तर जाहिरातदाराने भागवायचा, हे त्यामागचे गणित होते. १९३० च्या दशकात अमेरिकेत साबणाच्या कारखानदारांनी रेडिओवर कौटुंबिक मालिका चालविल्या आणि त्यांना ‘सोप ऑपेरा’ हे नाव कायमचे चिकटले. आपल्याकडे विविध भारतीवर १९६७ साली मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून जाहिराती सुरू झाल्या; दूरदर्शनवर १९७६ साली आल्या. कॅनडाचे मार्क्सवादी अभ्यासक डॅलस स्माइथ यांनी १९७७ साली या व्यवहाराचे मर्म नेमके मांडले. त्यांच्या विवेचनाचा आशय असा, की वृत्तपत्र किंवा दूरचित्रवाणी जाहिरातदाराला कागद अथवा वेळ विकत नाही. ती त्याला प्रेक्षकच विकते. आपण समजतो आपण गिऱ्हाईक आहोत, प्रत्यक्षात आपण माल असतो.

इंटरनेटच्या बाबतीत तर या धोक्याची जाणीव खुद्द धंदा उभारणाऱ्यांनाच होती. गूगलचे संस्थापक सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ साली विद्यार्थी असताना लिहिलेल्या निबंधात नोंदविले होते, की जाहिरातीवर जगणारी शोधयंत्रे स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकतील आणि वापरणाऱ्याच्या गरजेपासून दूर जातील. दोनच वर्षांनी, २००० साली, त्यांनी जाहिराती घेण्यास सुरुवात केली. २०२४ साली गूगलच्या मूळ कंपनीचे उत्पन्न ३५० अब्ज डॉलर होते आणि त्यांतले सुमारे २६५ अब्ज जाहिरातींचे होते. तरुणपणी लिहिलेला निबंध खोटा ठरला नाही. युरोपीय आयोगाने जून २०१७ मध्ये, आपल्याच खरेदीसेवेला शोधात झुकते माप दिल्याबद्दल, गूगलला २.४२ अब्ज युरोंचा दंड केला. आपल्या देशातील स्पर्धा आयोगानेही फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधातील पक्षपाताबद्दल १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

३. यात नवे काय?

येथे कुणी म्हणेल, जाहिरात जर १८३३ पासून चालत आली आहे, तर आता आरडाओरड कशासाठी?

फरक समजून घ्यायला हवा. वृत्तपत्रात बातमी एका रकान्यात आणि जाहिरात दुसऱ्या रकान्यात असे. वाचक जाहिरातीवरून नजर फिरवी. मनात ठरवी की हे विकणाऱ्याचे बोलणे आहे. ही सीमारेषा पुसली गेली म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पाहिले आहे. उमेदवारांची स्तुती बातमी म्हणून छापून आली. पी. साईनाथ यांनी हे प्रकरण उजेडात आणले आणि वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीने २०१० साली त्यावर सविस्तर अहवाल दिला. ‘पेड न्यूज’ हा शब्द तेव्हापासून आपल्या बोलण्यात रुळला. लोकांना संताप आला तो जाहिरात छापल्याचा नव्हता. ज्या आवाजावर त्यांनी विश्वास ठेवला होता तोच आवाज भाड्याने दिला गेला, याचा तो संताप होता.

संभाषणयंत्रात रकानेच नाहीत. तेथे एकच आवाज आहे आणि तो आपल्याशी आपल्या भाषेत, आपल्या प्रश्नाला धरून बोलतो. शिवाय माणूस त्याला जे सांगतो ते वर्तमानपत्राला कधी सांगत नव्हता. शोधयंत्रात आपण दोन-तीन शब्द टाकत असू. येथे माणूस आपली सगळी परिस्थिती सांगतो: “माझा पगार दोन महिने थकला आहे, मुलीची फी भरायची आहे, सावकाराकडे जाऊ की दागिने मोडू?” रात्री झोप न येणारा मनुष्य यंत्राला सांगतो, ते घरच्यांनाही सांगत नाही. इतकी मौल्यवान माहिती आजवरच्या कोणत्याही जाहिरातदाराला मिळाली नव्हती. गरज कोणती, ती किती निकडीची आहे आणि माणूस किती हतबल आहे, हे तिन्ही त्यात असते.

माझ्या मते या साऱ्या व्यवहाराला जवळचा दाखला मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. वैद्यकीय धंद्यातील ‘कट प्रॅक्टिस’ आपण जाणतो. डॉक्टर रुग्णाला तपासणीसाठी किंवा तज्ज्ञाकडे पाठवितो आणि पाठविल्याबद्दल तिकडून वाटा घेतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी असा वाटा देणे-घेणे निषिद्ध ठरविले आहे. महाराष्ट्रात २०१७ साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदाही तयार करण्यात आला होता. कट घेणारा डॉक्टर प्रत्येक वेळी चुकीचीच तपासणी सांगतो असे नाही. पुष्कळदा तपासणी आवश्यकही असते. पण ती आवश्यक आहे की नाही, हे रुग्णाला कळण्याचा मार्गच बंद होतो. सल्लागाराला दोन धनी झाले, की त्याचा खरा सल्लाही संशयित ठरतो. संभाषणयंत्रातील जाहिरात ही सल्ल्याच्या व्यवसायातील कट प्रॅक्टिस आहे, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

आणि हा सौदा होतो कसा? इंटरनेटवरील बहुतेक जाहिरातींची जागा क्षणार्धात होणाऱ्या लिलावात विकली जाते. कोणी किती बोली लावली, कोणत्या कारणाने कोणाला नाकारले, हे वाचकाला दिसत नाही. लहान जाहिरातदारालाही पुरते दिसत नाही. आपल्या जुन्या बाजारपेठांत व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. माल शेतकऱ्याचा, पण भाव त्यालाच दिसत नसे. रुमाल बाजूला सारून उघड लिलाव व्हावा, यासाठी शेतकऱ्यांना लढावे लागले आणि बाजार समित्यांचे कायदे करावे लागले. आज तोच रुमाल यंत्रावर टाकला गेला आहे, आणि त्याखाली सौदा चालला आहे तो आपल्या गरजांचा.

४. बचावाचे तीन मुद्दे

प्रतिपक्षाचे म्हणणे टाळून पुढे जाणे योग्य नव्हे.

पहिला मुद्दा असा, की जाहिरात वेगळ्या चौकटीत असते, तिच्यावर तसे लिहिलेले असते आणि तिचा उत्तरावर प्रभाव पडत नाही. ओपनएआयने तसे आश्वासन दिले आहे; संभाषणे जाहिरातदारांना विकली जाणार नाहीत, आरोग्य किंवा राजकारण यांसारख्या नाजूक विषयांजवळ आणि १८ वर्षांखालील मुलांना जाहिरात दाखविली जाणार नाही, असेही सांगितले आहे. ही बंधने चांगली आहेत आणि ती पाळली जावीत. पण ती कंपनीने स्वतःहून घालून घेतलेली आहेत. ‘शेवटचा उपाय’ दोन वर्षांच्या आत पहिला उपाय झाला. मग आजच्या आश्वासनाचे आयुष्य किती धरायचे? शिवाय शिक्का फक्त एका चौकटीची साक्ष देतो. माणूस जितका जास्त वेळ बोलेल तितक्या जास्त चौकटी दाखविता येतात, म्हणून यंत्राला लांबण लावण्याची, गोड बोलण्याची, विषय खरेदीकडे वळविण्याची सवय लावण्यात मालकाचा फायदा असतो. त्या सवयीवर कोणता शिक्का मारणार?

येथे अनुवादक म्हणून एक तक्रार नोंदवितो. ‘स्पॉन्सर्ड’ या शब्दाचे आपण ‘प्रायोजित’ असे भाषांतर करतो. मीही केले आहे. शब्दशः ते बरोबर आहे, पण त्यातून वाचकाला काहीच कळत नाही. उलट कुणी उदार माणसाने काही सत्कार्य प्रायोजित केले आहे असा भास होतो. मराठीत या वस्तूला ‘जाहिरात’ म्हणतात. ‘पैसे घेऊन दाखविलेले’ असेही सरळ म्हणता येते. जो शब्द वस्तू झाकतो तो चुकीचा अनुवाद होय.

दुसरा मुद्दा गरिबांचा. जाहिरात नसेल तर गरिबाला हे यंत्र मिळणारच नाही, असे सांगितले जाते. या युक्तिवादाला वजन आहे, म्हणून त्याचे उत्तर जबाबदारीने दिले पाहिजे. २०२५ साली आपल्या देशात काय घडले ते पाहा. जुलैमध्ये एअरटेलच्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटीची महाग वर्गणी एक वर्ष फुकट देण्यात आली. ऑक्टोबरच्या अखेरीस जिओने गूगलच्या यंत्राची वर्गणी १८ महिने फुकट देऊ केली. नोव्हेंबरमध्ये ओपनएआयने, ऑगस्टमध्ये भारतात ३९९ रुपयांना आणलेली ‘गो’ वर्गणी, एक वर्षासाठी फुकट केली. हा दानधर्म नव्हे. कोट्यवधी लोकांना सवय लागावी, त्यांची बोलण्याची पद्धत आणि त्यांच्या गरजा समजाव्यात आणि नंतर वसुली करता यावी, अशी ही पेरणी आहे. आणि जाहिरातदार जे पैसे भरतो ते आणतो कुठून? मालाच्या किमतीतून. म्हणजे फुकट यंत्राचे बिल गरीब ग्राहक साबणाच्या वडीत आणि कर्जाच्या व्याजात भरतोच; फक्त पावती मिळत नाही.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. ही यंत्रे ज्या मजकुरावर घडविली गेली तो मजकूर समाजाने लिहिलेला आहे. त्यात लेखक आहेत, पत्रकार आहेत, शिक्षक आहेत, माझ्यासारखे अनुवादकही आहेत. त्यांतला घातक मजकूर वेगळा काढण्याचे काम केनियातील कामगारांनी ताशी दोन डॉलरपेक्षा कमी मजुरीवर केल्याचे जानेवारी २०२३ मध्ये ‘टाइम’ नियतकालिकाने उघड केले. निर्मिती समाजाची, कष्ट मजुरांचे, आणि वर त्याच समाजाची गरज गिऱ्हाइकांना विकून मिळणारा नफा मात्र मूठभर कंपन्यांचा, असा हा हिशेब आहे.

तिसरा मुद्दा लहान धंदेवाल्याचा, म्हणजे आपल्या मित्राचा. जाहिरात नसेल तर लहान दुकानाची ओळख लोकांना होणार कशी? प्रश्न रास्त आहे. पण लिलावात लहान दुकानासमोर बोली लावायला कोण उभा असतो? देशभर शाखा असलेली सराफी पेढी आणि सोनेतारण कर्ज देणारी कंपनी. पहिल्या महिन्यात स्वस्त मिळालेली जागा स्पर्धा वाढताच महाग होते आणि मग जागा सोडली तर गिऱ्हाईक सुटते. अशा रीतीने दुकानाच्या भाड्यावर आणखी एक भाडे चढते, जे कधीच संपत नाही. बॅरन आणि स्वीझी यांनी १९६६ साली मक्तेदारी भांडवलाचे विवेचन करताना विक्रीसाठी होणारी ही उधळपट्टी व्यवस्थेचा अविभाज्य भाग असल्याचे दाखविले होते. लहान व्यापारी त्या उधळपट्टीचा लाभार्थी क्वचितच असतो. बहुधा तो तिचा खर्च वाहतो.

पैसे न भरता उत्तरात यावे यासाठीही धंदा सुरू झाला आहेच. यंत्राने आपला मजकूर उचलावा म्हणून तो कसा लिहावा, याचा अभ्यास प्रिन्स्टन आणि दिल्लीच्या आयआयटीशी संबंधित संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केला. आपले खरे काम, पत्ता, दर आणि परवाना लोकांना दिसेल असा इंटरनेटवर स्पष्ट मराठीत आणि हिंदीत मांडणे, यात काही गैर नाही. पण खोटी परीक्षणे लिहवून यंत्राला फसविणे ही जाहिरातीपेक्षाही वाईट लबाडी आहे, कारण तिच्यावर शिक्काही नसतो.

५. कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात जाहिरातीवर बंधन घालण्याची परंपरा आहे. असाध्य रोग बरे करण्याचे दावे रोखणारा कायदा १९५४ सालचा आहे. तंबाखूच्या जाहिरातींवर २००३ च्या कायद्याने बंदी आली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींवर ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने बंदी आणली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय प्राधिकरणाने २०२२ साली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसंबंधी आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये इंटरनेटवरील फसव्या रचनांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे काढली. या दुसऱ्या यादीतील १३ प्रकारांत ‘छुपी जाहिरात’ हा एक आहे. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेम धरून जाहिरात दाखविण्यास मनाई करतो. पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची ठरली.

म्हणजे पाया आहे. अडचण अशी, की हे कायदे जाहिरात ही एक वेगळी, दाखविता येणारी वस्तू आहे असे गृहीत धरतात. संभाषणातील वळण हे जाहिरात ठरते का, विकलेला प्रश्न जाहिरात ठरतो का, प्रौढ माणसाने अडचणीत सांगितलेली गोष्ट त्याच्याविरुद्ध विक्रीसाठी वापरता येते का, याची स्पष्ट उत्तरे त्यांत नाहीत.

६. आपण काय मागावे?

माझ्या अल्पमतीप्रमाणे पुढील मागण्या ग्राहक संघटनांनी, कामगार संघटनांनी आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी उचलून धराव्यात.

एक: ज्या भाषेत संभाषण चालले आहे त्याच भाषेत, सर्वांना कळेल अशा शब्दात, जाहिरात म्हणजे ‘जाहिरात’ असे लिहिणे सक्तीचे असावे, आणि ती कोणी व कोणत्या कारणाने दाखविली हे मागताच कळावे.

दोन: माणसाने संभाषणात सांगितलेली वैयक्तिक हकिकत जाहिरातीचा नेम धरण्यासाठी वापरण्यास मनाई असावी. परवानगीच्या नावाखाली एका बटणावर ही जबाबदारी ढकलू नये. गरजू माणूस कोणतेही बटण दाबतो.

तीन: कर्ज, औषधोपचार, नोकरी आणि निवडणूक या विषयांवरील संभाषणांत जाहिरात पूर्णतः निषिद्ध असावी. कंपनीच्या मर्जीवर हे न ठेवता कायद्याने ठरवावे.

चार: सूचना, पुढचे प्रश्न आणि उत्तराचा क्रम यांची विक्री ‘छुपी जाहिरात’ या व्याख्येत आणावी आणि लिलावाच्या नोंदी तपासण्याचा अधिकार सरकारी यंत्रणेला असावा.

पाच: मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या राष्ट्रीय कार्यक्रमासाठी सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. जनतेच्या पैशातून जी यंत्रे उभी राहतील, जी शेतकऱ्याला, आशा सेविकेला किंवा विद्यार्थ्याला सल्ला देतील, त्यांत कधीही जाहिरात असणार नाही, हे आजच लिहून घेतले पाहिजे. गरिबाला निखळ सल्ला मिळावा याचे उत्तर जाहिरात हे नसून सार्वजनिक व्यवस्था हे आहे. सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तक मागणाऱ्याच्या हातात आपण साबणाचे पत्रक ठेवत नाही.

७. शेवटी आपल्या मित्राच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. पैसे भरावेत का?

काल मी त्याच्या दुकानात गेलो होतो. बोलता बोलता त्याच्या वडिलांना मी सहज विचारले, की दागिना विकायला आलेल्या बाईला तुम्ही कस सांगता, तेव्हा तो विकत घेणारा सराफ तुम्हाला काही देऊ लागला तर? ते भट्टीकडे पाहत म्हणाले, “मग आम्ही सांगितलेल्या कसाला कोण विचारणार? आमचा धंदा सोन्याचा नाही, आकड्यावरच्या भरवशाचा आहे.”

माझे उत्तर याहून निराळे नाही. दुकानदाराने पोटासाठी एखादी जाहिरात दिली तर त्याला मी दोषी धरणार नाही. रस्त्यावर पाटी लावणे हा गुन्हा नव्हे. पण कस लावणाऱ्यालाच पगारी नेमण्याच्या बाजारात जर उद्या प्रत्येक दुकानाला बोली लावावी लागली, तर त्याचे दुकान प्रथम बुडेल, कारण त्याच्याकडे भरवशाखेरीज दुसरे भांडवल नाही. म्हणून त्याने वैयक्तिक बोली लावण्याआधी आपल्या व्यवसायातील इतरांना एकत्र करावे आणि वरील मागण्यांवर त्यांची सही घ्यावी. लहान दुकानदार, यंत्राला रात्री आपले दुःख सांगणारा कामगार आणि त्या यंत्राचे शब्द घडविणारे आपण लिहिणारे, या प्रश्नावर एकाच बाजूचे आहोत. सल्ला देणाऱ्याचा धनी एकच असावा, आणि तो सल्ला मागणारा असावा.

 आता प्रश्न विचारावेत.